घरच्या बाई झोपल्यात

शकू, त्या दुपारी मी तुझ्याशी भांडायला निघाले होते. हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की हात आपोआप जोडले जातात आणि लिहिणारी एकदम गोड बोलायला लागते. तुझ्याशी मी जन्मात गोड बोलले नाही. आता सुरुवात करायची तर मलाच लाज वाटेल.

भांडण आरतीवरून होतं. सहावीतली, दोन वेण्यांची, सदा नाक ओढणारी आपली आरती. तिची आई संक्रांतीला येते म्हणून सांगून ऊसतोडीला गेलेली. आदल्या दिवशी पोरीने मला विचारलं, "आई येईल ना बाई?" मी म्हटलं, "येईल हं." ती उड्या मारत गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिला समोर बसवून सांगितलंस की मुकादमाचा फोन आला होता, टोळी कर्नाटकात पुढे सरकली आहे, आई काही येत नाही. मग ती माझ्या गणिताच्या तासाला अपूर्णांकांवर टपटप रडत बसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सण तोंडावर आल्यावर कळलंच असतं ना तिला? तोवर चार दिवस आनंदात गेले असते तर तुझ्या विज्ञानाचं काय बिघडणार होतं? हीच वाक्यं घोळवत मी जेवणाच्या सुट्टीत वसतिगृहाकडे निघाले.

ओसरीच्या कोपऱ्यावर आले आणि थबकले. आवाजच नव्हता.

आपल्या शाळेची जेवणाची सुट्टी म्हणजे काय असते, ते पाटोद्याच्या बाजारात बसलेल्या माणसालाही ठाऊक आहे. गावातून येणाऱ्या पोरींचे डबे, वसतिगृहातल्या पोरींची ताटं, आणि तुझा नियम असा की प्रत्येक डबेवालीच्या शेजारी एक ताटवाली बसलीच पाहिजे. म्हणजे पोळी इकडून तिकडे, भाकरी तिकडून इकडे, लोणच्यावरून मारामाऱ्या. त्या दिवशी सगळ्या जागच्या जागी बसून जेवत होत्या आणि बोटं ओठांवर ठेवून एकमेकींना दटावत होत्या. ताट जमिनीवर ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हत्या. मला बघून नववीतली दीपाली पुढे आली आणि कुजबुजली, "हळू बोला बाई. घरच्या बाई झोपल्यात."

मी मुख्याध्यापिका म्हणून शाळेच्या बाई आणि तू वसतिगृहात त्यांच्याबरोबर राहणारी म्हणून घरच्या बाई. पोरींनी केलेली ही वाटणी मला कधी कधी झोंबायची, पण ते असो.

तू खांबाला टेकून बसली होतीस. पाय लांब सोडलेले, डोकं एका बाजूला कललेलं, डोक्यामागे दीपालीच्या ओढणीची घडी. ऊन तोंडावर येत होतं म्हणून दोघीजणी एक चादर धरून उभ्या होत्या आणि हात भरून आले की जागा बदलत होत्या. मला हसू आलं, शकू. खरंच हसू आलं. म्हटलं, चला, बाईसाहेबांना एकदाची झोप लागली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठणारी, दुपारी पाठ टेकणाऱ्याला आळशी म्हणणारी तू पोरींच्या राखणीत झोपलीस. राग कुठल्या कुठे गेला. भांडण शाळा सुटल्यावर करू, असं ठरवून मी तशीच जरा वेळ बघत उभी राहिले.

मग तुझ्या ओठावर माशी बसली आणि तू ती हाकलली नाहीस.

पुढचं मला सलग आठवत नाही. तुझा हात धरलेला आठवतो, कुणीतरी ताट पाडलेलं आठवतं. आपली शाळा काढणाऱ्या अप्पांची जीप, मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी तुला सारखी "शकू, उठ, बास झालं आता" असं रागावून म्हणत होते. डॉक्टरांनी तपासलं आणि हातातलं यंत्र गळ्यात टाकलं. जाऊन बराच वेळ झाला असावा, म्हणाले. मी विचारलं, पोरींनी लगेच सांगितलं असतं तर? लगेच आणलं असतं तर? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही मॅडम." तेव्हा मला त्या वाक्याचा फार राग आला. डॉक्टर झाला आहेस ना, मग सांग की काहीतरी.

मला अजून हे पटलेलं नाही. लिहिते आहे, पण पटलेलं नाही. त्याच संध्याकाळी, तुझ्या भावाने तुला आष्टीकडे तुमच्या गावी न्यायची तयारी चालवली होती तेव्हा, उद्याच्या जेवणाचं कोण बघणार हे विचारायला मी तुलाच फोन लावला. माझ्याच टेबलाच्या खणात घंटी वाजायला लागली. कुणीतरी तुझा फोन आणून तिथे ठेवला होता. मी खण उघडला, तर त्यावर माझं नाव लकाकत होतं. अप्पा समोरच्या खुर्चीत बसले होते. तेही बघत राहिले. दोघांपैकी कुणालाच तो उचलून बंद करायचं सुचलं नाही.

अप्पांनी त्या दिवशी भुसार दुकान बंद ठेवलं. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून भर दुपारी ती फळी कधी लागली नव्हती. ते म्हणाले, "बाई, शाळा आठ दिवस बंद ठेवू." मी म्हटलं, "अप्पा, गावातल्या पोरी घरी जातील. या कुठं जातील? यांच्या घरांना कुलपं आहेत." मग शाळा दुसऱ्याच दिवशी भरली.

तुला आठवतं का, वसतिगृह सुरू झालं ते याच कुलपांमुळे? आपण दोघी एकाच दिवशी इथे रुजू झालो तेव्हा ही नुसती गावातल्या मुलींची शाळा होती. सरकारी अनुदान नाही, कुणाची मेहेरबानी नको, असा अप्पांचा हट्ट. व्यापाऱ्यांच्या, मास्तरांच्या, बागायतदारांच्या पोरी फी भरून यायच्या. शेजारच्या खेड्यातून एक हुशार पोरगी पायी यायची, ती दसरा झाला आणि दिसेनाशी झाली. तू तिला शोधायला तिच्या गावी गेलीस. घराला कुलूप, गल्लीला कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं तेवढी उरलेली. परत आलीस ती थेट दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना अप्पांना म्हणालीस, "पोरी ठेवायला जागा द्या. न्हाईतर शाळा चार म्हयन्याची करा आन् पाटीवर तसं लिवा." मी मागे उभी राहून घामाघूम झाले होते. आपल्याला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. अप्पांनी गोदामाचा मागचा अर्धा भाग रिकामा करून दिला. पहिल्या पोरी तुरीच्या पोत्यांच्या वासात झोपल्या, आणि तूही त्यांच्यात झोपलीस, ती कायमचीच.

एका बागायतदारीण बाईंनी तक्रार केली होती, की वसतिगृहातल्या पोरी आमच्या मुलीचा डबा खातात. मी त्यांची समजूत घालत होते, चहा मागवला होता. तू दारातून डोकावलीस. "आन् तुमची पोरगी आमची भाकर खाती त्याचं काय? लई आवडती तिला. घरी कावून करीत न्हाईत तुमी?" बाई चहा न पिताच गेल्या. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. पुढच्या महिन्यात त्याच बाईंनी भाकरी जमेना म्हणून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात येऊन शिकून घेतली, आणि ते तू मला किती वेळा ऐकवलंस!

आणि ते बोकडाचं हृदय! अप्पांचं घर शाकाहारी, लसणालाही विचारून आत घेणारं. त्यांच्या शाळेत तू खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलंस, तेही स्टीलच्या डब्यात. अप्पा नेमके त्या दिवशी फेरीला आले आणि पोरींना खाऊ काय मिळतो म्हणून त्यांनी झाकण उघडलं. मला वाटलं, आता शाळाच बंद होते. ते बाहेर गेले, हातपाय धुतले, परत आले आणि मागच्या बाकावर बसून सगळा तास ऐकला. वर्गातल्या निम्म्या पोरी नाक धरून बसल्या होत्या. दीपालीने मात्र ते तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "येवढंच असतं व्हय?" तुझा चेहरा असा फुलला होता की मला हेवा वाटला. अपूर्णांक शिकवून कुणाचा चेहरा असा फुलत नाही.

दीपाली तुझी लाडकी. तू नाही म्हणायचीस, पण होती.

आपलं खरं भांडण एकच होतं, बाकीची नुसती त्याची पिल्लं. मी म्हणायची, पोरींच्या खांद्यावर किती टाकायचं ते आपण ठरवायचं. त्या लहान आहेत, आईबाप लांब आहेत, थोडं झाकावं, थोडं पुढे ढकलावं. वार्षिक परीक्षेत एका पोरीची आजी गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी म्हटलं, पेपर संपू दे. तू तिला तेव्हाच सांगितलंस. ती पेपर टाकून गेली आणि तिला तू उन्हाळ्यात बसवून पुन्हा शिकवलंस. मी विचारलं, काय मिळवलंस? तू म्हणालीस, "पोरींना समदं कळतंय मंदे. आपुन न्हाई सांगितलं तर त्या मनानंच रचत्यात. आन् रचलेलं खऱ्याहून वंगाळ असतं." मी तुला निर्दय म्हटलं होतं. आजही म्हणते. आरतीच्या बाबतीत तर नक्कीच म्हणते.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहात गेले. पहाट उलटली होती तरी एकही पोरगी उठलेली नव्हती. सगळ्या अंथरुणात, डोळे उघडे, वर आढ्याकडे बघत पडलेल्या. मी म्हटलं, "उठा गं, शाळा आहे." कुणी हललं नाही. मी हजेरीतली नावं घ्यायला लागले, बापाचं नाव, आडनाव. तरी नाही. मग आरती पांघरुणातून म्हणाली, "बाई, तसं न्हाई. घरच्या बाई आईचं नाव घेऊन उठवायच्या."

मला हे माहीतच नव्हतं, शकू. इतकी वर्षं मी शाळा भरल्यावर यायची. रोज पहाटे तू एकेकीच्या उशाशी जाऊन "लताची आरती, उठ," "संगीताची पूजा, उठ," असं म्हणायचीस आणि आई तिकडे उसाच्या फडात असली तरी सकाळी तिचं नाव पोरीच्या कानावर पडायचं. मला कुणाच्याच आईचं नाव येईना. मग पोरींनीच एकमेकींना उठवलं. या खाटेवरून त्या खाटेवर हाका गेल्या. शेवटी कुणीतरी "सुनीताची दीपाली" म्हणालं आणि उत्तर आलं नाही.

दीपाली आधीच उठून बसली होती. अंगावर बाहेरचे कपडे, पेटीला दोरी बांधलेली. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "मी आईकडं जाणार हाय." एवढंच. त्यानंतर ती बोलली नाही. वर्गात आली नाही, ताटावर बसली तरी घास उचलला नाही. त्याच दुपारी अप्पांनी दिलेल्या टेम्पोतून मी मोठ्या पोरींना तुझ्या गावी शेवटच्या दर्शनाला नेलं, तिथेही ती आली नाही. मला वाटलं, दुःख आहे, उतरेल. तुला माहीत आहे की हंगामाच्या मध्ये जी पोरगी फडावर जाते ती परत येत नाही. तिच्या हातात कोयता येतो, नाहीतर गळ्यात मंगळसूत्र. तूच हे सगळ्यांना बजावून सांगायचीस. आणि आता तुझीच दीपाली पेटीवर बसली होती.

तुझ्या गावी तुझा भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेत न्हवती का ती?"

"कसल्या गोळ्या?"

"छातीच्या. दोन वर्षं झाली की. नगरला दाखवलं हुतं. तुमाला म्हाईत न्हाई?"

नाही, शकू. मला माहीत नव्हतं. मी तुमच्या ओट्यावर मटकन बसले. तुझी चिता पेटलेली बघूनही जे मनात शिरलं नव्हतं ते तेव्हा शिरलं. आरतीला सांगितलंस, आजी गेलेल्या पोरीला भर परीक्षेत सांगितलंस, पालकसभेत बापांच्या तोंडावर वाट्टेल ते खरं सांगितलंस, आणि स्वतःच्या छातीत कळ येते हे मला नाही सांगितलंस? मी कुणी नव्हते का? नारायणगडाच्या सहलीत तू पायऱ्या चढताना मागे राहिलीस आणि म्हणालीस, पोरींच्या चपला राखते. मी तुला आळशी म्हटलं आणि तू हसलीस. आत्ता समोर असतीस तर मी तुला सोडलं नसतं. तुझा इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि नेमका आताच तो करायला तू नाहीस.

इकडे दीपालीने आईला फोन केला होता. सुनीता कारखान्यावरून एसट्या बदलत आली, अंगावर फडातलीच साडी, हाताला पाचटाचे ओरखडे. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, पोरगी नुसतं म्हनती, मला न्यायला ये. काय झालंय ते सांगंना. मला न्हाई न्यायची वो तिला. तिकडं काय हाय? पन अन्न सोडून बसली तर काय करू? घरच्या बाई असत्या तर त्यांनी इचारलं असतं."

म्हणजे आता मी विचारायचं होतं.

बाकीच्या पोरी वर्गात होत्या. मी दीपालीच्या पेटीशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात, पण बसले. म्हटलं, "तू गेलीस तर तुझ्या बाईंना काय वाटेल?" हे वाक्य फारच पुस्तकी झालं, मलाच कळलं. तिने तोंड फिरवलं. मग मी गप्प बसले. मला गप्प बसता येत नाही असं तू म्हणायचीस, पण त्या दिवशी बसले. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

"त्यांनी मला उठवायला सांगितलं हुतं."

"काय?"

"बाई बसल्या ना, तवा म्हनल्या, दिपे, पाच मिनिटांनी उठव, आठवीचे पेपर तपासायचेत. मी ओढणी दिली डोक्याला. पाच मिनिटं झाली तवा बगितलं. लई शांत दिसत हुत्या. म्हनलं, राहू द्या, पाटंपासनं पळायल्यात. मीच सगळ्यांना गप केलं. कुनी बोललं की मीच हानायला धावले." तिचा आवाज सपाट होता, पाढे म्हणावेत तसा. "बाई, खरं सांगा. म्हनलेल्या येळेला उठवलं असतं तर वाचल्या असत्या का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. असल्या उत्तरांवर तर मी इतकी वर्षं काढली. डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे गेल्या, काही उपयोग झाला नसता. चार शब्दांचं काम. पोरगी जेवली असती, पेटी सुटली असती, सुनीता रात्रीच्या आत परतीच्या एसटीत बसली असती. मी ते बोलायला तोंडही उघडलं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, शकू, त्या नजरेने ती उत्तर तपासत होती. मी ‘डॉक्टर म्हणाले’ म्हणताच तिने ‘कशावरून म्हणाले?’ असं विचारलं असतं. असं विचारायला तूच तर शिकवलंस. आणि मला दिसलं की मनातल्या मनात तिने सगळं रचून पूर्ण केलं आहे. मी काहीही गोड बोलले तरी ते त्याच्या वरच्यावर राहील आणि खालचं ती जन्मभर वागवेल.

मी म्हटलं, "मी डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, मी हे काय करून बसले. पण आता मागे फिरायला जागा नव्हती.

"अजून एक सांगते, ते पण ऐक. तुझ्या बाईंच्या छातीत दोन वर्षं दुखत होतं. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी ते तुला सांगितलं नाही, मलाही नाही. मला त्यांच्या भावाकडून कळलं, त्या गेल्यावर. तुला माहीत असतं तर तू उठवलं असतंस. मला माहीत असतं तर मी त्यांना त्या ओसरीवर बसूच दिलं नसतं. मी आले तेव्हा मलाही वाटलं झोपल्यात, आणि मी उभी राहून हसत होते. आपल्याला कळायला काही मार्गच नव्हता, दीपाली. जे माहीत होतं ते फक्त त्यांना माहीत होतं."

मग तिचा चेहरा लालबुंद झाला.

"आमच्या पोटात दुखलं तरी सांगा म्हनायच्या! लपवलं तर बोलनं बंद करायच्या! आन् सोताचं? सोताचं कावून न्हाई सांगितलं?"

"ते मला माहीत नाही."

"खोटारड्या!" ती ओरडली. "खोटारड्या बाई!" आणि पेटीवर दोन्ही मुठी आपटत रडायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज ऐकून सुनीता धावत आली आणि तिने तिला पोटाशी धरलं. तुला ती खोटारडी म्हणाली, शकू, आणि मी तिला गप्प केलं नाही. तिच्या जागी मीही तेच म्हणाले असते. मनातल्या मनात म्हणालेही.

त्या संध्याकाळी ती ताटावर बसली. सुनीता दुसऱ्या दिवशी निघाली तेव्हा दीपाली फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, "तू जा आई. परीक्षा हाय माजी." पेटीची दोरी तिने सोडली नव्हती. ती अजूनही बांधलेलीच आहे, मी रोज जाताना बघते. कपडे ती झाकणाच्या फटीतून काढते, पण दोरी सोडत नाही. मी त्याबद्दल काही विचारत नाही.

परवा तुझा दहावा झाला. आपल्या वादात तू जिंकलीस की मी, याचा विचार करायला मला वेळ मिळालेला नाही. तू म्हणायचीस ते खरं ठरलं म्हणावं, तर तूच ते पाळलं नाहीस. मी बरोबर होते म्हणावं, तर त्या दिवशी माझं गोड उत्तर त्या पोरीला फडावर घेऊन गेलं असतं. तू का लपवलंस, याची शंभर उत्तरं मी तुझ्या बाजूने तयार करते. काम काढून घेतील म्हणून, वसतिगृहातून काढतील म्हणून, की मला काळजी नको म्हणून? शेवटचं खरं असेल तर मी तुला कधीच माफ करणार नाही. माझ्यासारखं वागायला तुला कुणी सांगितलं होतं?

सकाळी आता मी जाते. चार-पाच जणींच्या आयांची नावं अजून चुकतात, पोरी दुरुस्त करतात. आरती उठताना नाक ओढते आणि विचारते, "आई आता कधी?" मी आधी ‘येईल हं’ म्हणायला तोंड उघडते, मग मुकादमाला फोन करते आणि जे असेल ते तिला सांगते. मला ते अजिबात आवडत नाही.

काल दुपारी डोकं जड झालं होतं म्हणून कार्यालयात खुर्चीवर मागे रेलून मी डोळे मिटले. तोच कुणीतरी दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. "बाई! बाई!" दीपाली होती. तिच्या हातातलं हजेरीचं रजिस्टर खाली पडलं होतं.

"जागी आहे गं. डोळे मिटले होते नुसते."

ती मागे सरली नाही. "तुमाला काय व्हतंय का? गोळ्या हायेत का कसल्या?"

‘काही नाही गं, वयाचं आहे’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"आहेत. बीपीच्या. सकाळी एक घ्यायची असते."

"आज घेतली का?"

"नाही. राहिली."

तिने टेबलावरची माझी पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवली, बाहेरून पाण्याचा तांब्या भरून आणला, आणि मी गोळी गिळेपर्यंत समोरून हलली नाही.